शहागडकर ज्वालामुखीच्या बेटावर

शहागडात सहल ठरवायची म्हणजे आधी देव ठरवावा लागतो. देव ठरला की गाव ठरतं, गाव ठरलं की भक्तनिवास ठरतो आणि येताना वेळ उरला तर निसर्ग बघतात. तुळजापूर, पंढरपूर, शिर्डी, फार तर गणपतीपुळे. गणपतीपुळ्याला समुद्र आहे हे आमच्याकडच्या बऱ्याच मंडळींना दर्शन झाल्यावर चपला शोधताना कळतं. नुसते पक्षी बघायला आणि पायी चालायला पदरचे पैसे मोडून जायचं, असलं काही गोदावरीच्या या काठावर आजवर कुणी बोललेलं नव्हतं. बोललं असतं तर घरच्यांनी त्याला आधी अंबडला डॉक्टरकडे नेलं असतं.

ही साथ गावात आणली दाजींच्या भाच्यानं. भाचा परदेशात नोकरीला. त्यानं एक दिवस फोटो पाठवला. काळ्याकुट्ट खडकांचा किनारा, मागे समुद्र, खडकावर भाचा आणि भाच्याच्या पायाशी एक घोरपड. घोरपड कॅमेऱ्याकडे बघत होती, भाचा घोरपडीकडे. खाली लिहिलं होतं, 'ज्वालामुखीच्या बेटावर पायी भटकंती.' सोलापूर-धुळे रस्त्यावरच्या आमच्या फाट्यावर, चहाच्या हॉटेलात हा फोटो या मोबाईलवरून त्या मोबाईलवर फिरला. तिसऱ्या चहाला दाजी म्हणाले, "आपुनबी जाऊ."

भाचा गेला आणि मामा गेला नाही, असं दाजींच्या घराण्यात घडलेलं नाही. त्यांनी भूगोलाच्या सरांना बोलावून घेतलं. सर निवृत्त झाले, पण तास संपल्याची घंटा त्यांना अजून ऐकू आलेली नाही. त्यांनी चष्मा वर सरकवून फोटो पाहिला.

"गॅलापागोस," सर म्हणाले. "इक्वेडोरच्या किनाऱ्यापासून हजार किलोमीटर आत, प्रशांत महासागरात. समुद्राच्या तळातून ज्वालामुखी वर आले आणि बेटं झाली. १८३५ साली डार्विन तिथं गेला होता."

"कोन्त्या ट्रॅव्हल्सनं?"

"बीगल नावाच्या जहाजानं."

दाजींनी नाव लिहून घेतलं. "आन तिकीट?"

"परदेशी माणसाला नुसत्या आत शिरण्याचे दोनशे डॉलर. आधी शंभर होते, २०२४ पासून दुप्पट केले. शिवाय कासवं, घोरपडी, सगळ्याच प्राण्यांपासून सहा फूट लांब राहायचं, हात लावायचा नाही."

दाजींनी मोबाईलवर गुणाकार केला. आकडा सतरा हजारांच्या पुढे गेला. "नुसतं गेटावर? आन कासवाला हातबी लावायचा न्हाई?" एवढ्या पैशात कासवानं निदान स्वतःहून ओळख द्यायला पाहिजे, असं सगळ्यांचं मत पडलं. गॅलापागोस रद्द झालं.

मग सरांनी अंदमानातलं बॅरन बेट काढलं. भारतातला एकुलता एक जिवंत ज्वालामुखी. पोर्ट ब्लेअर, म्हणजे आताचं श्रीविजयपुरम, तिथून समुद्रात सव्वाशे-दीडशे किलोमीटर. दीडशेच्या वर वर्षं गप्प होता आणि १९९१ साली पुन्हा पेटला.

"उतरायचं कुठं?"

"उतरू देत नाहीत. बोटीतून लांबून बघायचा."

"लांबून तर हितूनबी दिसतो मोबाईलवर. ऱ्हातं कोन तिथं?"

"कुणी नाही. फक्त शेळ्या आहेत."

हॉटेलात शांतता पसरली. कढईतल्या भज्यांचा आवाज ऐकू येऊ लागला. धुमसत्या ज्वालामुखीवर शेळ्या, ही शहागडच्या कानाला पटणारी पहिलीच नैसर्गिक गोष्ट होती. शेळ्या कुणी सोडल्या, खातात काय, पाणी कुठलं पितात, मालकी कुणाची, बाजार कुठं भरतो, यावर अर्धा तास चर्चा झाली. एकानं विचारलं, "उस्मानाबादी हायेत का?" सरांचा भूगोल इथं कमी पडला. शेवटी शेळ्या बघायला विमानानं जाणं परवडत नाही, यावर एकमत होऊन बॅरनही रद्द झालं.

हॉटेलवाल्यानं कप गोळा करायला सुरुवात केली तेव्हा सरांनी शेवटचा पत्ता टाकला. "घारापुरी. मुंबईच्या गेटवेवरून तासाभराची बोट. अख्खं बेट लाव्ह्याच्या खडकाचं. किनारा आहे, खारफुटी आहे, पक्षी आहेत, डोंगरावर पायवाट आहे. शिवाय लेणी आहेत, महादेवाची."

शेवटच्या शब्दानं काम केलं. देव आला, म्हणजे सहल घरच्यांना सांगण्याजोगी झाली.

"पर थितला ज्वालामुखी चालू हाये का?" दाजींनी खात्री करून घेतली.

"नाही. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या उद्रेकाचा तो खडक. कधीच बंद पडलंय सगळं."

"तवापासून बंदच?"

"बंदच."

सरकारी पाणीयोजना पाहिलेल्या माणसांना यात नवल वाटलं नाही. पण सरांचा तास आता सुरू झाला होता. तेव्हा जमिनीला भेगा पडून लाव्हा वाहिला, थरावर थर साचले, पाच लाख चौरस किलोमीटर मुलूख त्याखाली गेला, सह्याद्रीत हा खडक दोन-दोन किलोमीटर जाड आहे, असं सर सांगू लागले. कोपऱ्यात विहिरीवाले तात्या बसले होते. त्यांनी आयुष्यभर विहिरी खोदल्या आहेत. त्यांनी मान वर केली.

"म्हंजी आपलं शहागड?"

"लाव्ह्यावरच."

"गोदावरी?"

"लाव्ह्यावरूनच वाहते."

"माझी विहीर?"

"लाव्ह्यातच खणलीय, तात्या."

तात्या थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "तरीच चैतात पानी कोमट लागतंय." आणि लगेच, "मंग तिकडं जायचं कामून? हितंच बसू की लाव्ह्यावर."

"शहागडला समुद्र नाही," सर म्हणाले. हे कुणालाच खोडता आलं नाही.

माझं नाव यात आपोआप आलं. डॉक्टरांनी मला रोज चालायला सांगितलं आहे. आमच्याकडे डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय कुणी चालत नाही आणि सांगितल्यावरही शक्यतो चालत नाही. मी पहाटे हायवेच्या कडेनं चाललो, तर ओळखीची प्रत्येक मोटारसायकल थांबते आणि "बसा की, सोडतो" म्हणते. नाही म्हणणं बरं दिसत नाही. माझा सकाळचा व्यायाम असा बहुतेक दुसऱ्याच्या गाडीवरच होतो. बेटावर मोटारसायकल येणार नाही, म्हणून बायकोनं मला यादीत घातलं.

सरांनी सूचनांचा कागद वाटला. मातकट रंगाचे कपडे घालावेत, म्हणजे पक्षी बुजत नाहीत. आहार हलका असावा. शांतता पाळावी. कागद सगळ्यांनी वाचला आणि त्यात बडीशेप बांधून घेतली. निघायच्या वेळी दाजी पांढऱ्या कडक इस्त्रीत होते, कारण मुंबईला जायचं होतं. काकूंनी शेंदरी काठापदराची साडी काढली होती, कारण फोटो निघणार होते. दाजींच्या नातवाच्या अंगावर अंधारात चमकणारा टी-शर्ट होता. हलक्या आहारात दशम्या, धपाटे, ठेचा, तिळाची चटणी, शेंगदाण्याचे लाडू आणि क्रुझरच्या टपावर मोसंबीचं एक पोतं होतं. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे, त्यामुळे तीही भूगोलातच धरावी, असं दाजींचं म्हणणं पडलं. शांततेचं काम ड्रायव्हरनं मागच्या सीटखाली बसवलेल्या स्पीकरकडे होतं.

क्रुझर समृद्धी महामार्गाला लागली तशी माणसं पेंगायला लागली. सर मात्र टक्क जागे होते. रस्त्यासाठी डोंगर कापलेले, त्यामुळे दोन्ही बाजूंना लाव्ह्याचे थर उघडे पडलेले. ते गाडीच्या दिव्यात दिसले की सर उठवत. "हा बघा एक प्रवाह! हा दुसरा! मधला तांबडा पट्टा बघितला का?" इगतपुरीचा जवळजवळ आठ किलोमीटरचा बोगदा आला तेव्हा त्यांचा आनंद टपाला लागला. "मंडळी, आता आपण लाव्ह्याच्या पोटातून चाललोय!" मंडळींपैकी एकट्या काकूंनी डोळे उघडले आणि विचारलं, "उतरायचं का?"

सकाळी गेटवेवर पोचलो तेव्हा ऊन कोवळं होतं आणि खिडकी बंद होती. जवळच उभ्या असलेल्या एका माणसानं दाजींच्या इस्त्रीकडे बघत सांगितलं, "आज सोमवार. सोमवारी घारापुरी बंद."

सोमवार दाजींनी मुद्दाम निवडला होता. महादेवाचं ठिकाण, तर सोमवारच पाहिजे. यात चूक काढायला जागा नव्हती. महादेवाच्या वारी महादेवालाच सुट्टी असते, हे मराठवाड्यातल्या माणसानं ओळखावं तरी कसं? दाजींनी त्या माणसाला विचारलं, "मंग श्रावनात काय करता?" तो निघून गेला.

सरांनी धीर सोडला नाही. "हे गेटवे बघा. १९२४ साली उद्घाटन झालं. हाही दगड ज्वालामुखीचाच आहे." मग आम्ही गेटवेला पाठ लावून बसलो, ज्वालामुखी टेकायला मिळाला म्हणून समाधान मानलं आणि वन्यजीव म्हणून कबुतरं पाहिली. मुक्काम कल्याणच्या पाहुण्यांकडे झाला. मराठवाड्यातल्या प्रत्येक घराचे कल्याण-डोंबिवलीला पाहुणे असतात आणि त्यांची खोली एक असते. आम्ही सगळे दारात उभे राहिलो तेव्हा पाहुण्यांचा चेहरा पाहून दाजींनी काही न बोलता मोसंबीचं अर्धं पोतं आत सरकवलं.

मंगळवारी बोट मिळाली. बोटीत खाली बसलं तर वेगळं आणि वर बसलं तर जास्तीचे पैसे. दाजी म्हणाले, "बोट एक, पानी एक, मंग पैसे दोन कामून?" पण काकू तोवर वर जाऊन खुर्ची धरून बसल्या होत्या. खुर्चीवर रुमाल, शेजारच्या खुर्चीवर पिशवी, त्याच्या शेजारी नातू. एसटीत घडलेला हात समुद्रावरही चालतो.

धक्का सुटला आणि पांढरे पक्षी मागे लागले. सरांचा आवाज भरून आला. "कुरव! थंडीत उत्तरेकडून हजारो किलोमीटर उडून येतात." खरोखर बघण्यासारखं होतं. एक कुरव बोटीच्या कठड्याला लागून, आमच्याच वेगानं, हातभर अंतरावर उडत होता. पाय लालभडक, डोळ्यामागे बोटानं टेकवल्यासारखा काळा ठिपका, पंख जवळजवळ हलतच नव्हते. तो आमच्याकडे बघत होता आणि त्याच्या नजरेत भूगोल अजिबात नव्हता. त्याला गाठिया पाहिजे होते. बोटीतले निम्मे लोक हात वर करून गाठिया धरून उभे, निम्मे त्यांचे फोटो काढत उभे.

"घालू नका, मासे खाणारा पक्षी आहे तो," सर ओरडत राहिले. काकूंनी तोवर धपाट्याचा तुकडा उडवला होता. कुरवानं तो हवेतच झेलला.

"खाल्ला!" काकू हरखल्या. "अन ठेचा लावलेला होता बरं का!"

"पक्ष्यांना तिखट लागत नाही," सर म्हणाले. "मिरचीचा तिखटपणा त्यांच्या जिभेला कळतच नाही. शास्त्रीय सत्य आहे."

काकूंचा चेहरा पडला. "म्हंजी माझ्या ठेच्यात दम न्हाई म्हना की." पुढचा सगळा समुद्र त्या सरांशी बोलल्या नाहीत.

वाटेत तेलाच्या मोठाल्या टाक्या असलेलं एक बेट लागलं. दाजी उठून उभे राहिले, "आलं?" ते जवाहर द्वीप होतं. नंतर एक टँकर दिसला, तेव्हाही ते उठले. मुंबईच्या बंदरात तासाभरात उठायला जितक्या वस्तू आहेत तितक्या वेळा दाजी उठले. घारापुरी आली तेव्हा ते बसून होते, कारण त्यांना आता पाय दुखत होते.

बेटाच्या धक्क्यापासून पायऱ्यांपर्यंत पाण्यातून लांब बांध आहे आणि त्यावर एक छोटी गाडी धावते. चालायचा कार्यक्रम इथूनच सुरू व्हायचा होता. आम्ही गाडीच्या रांगेत उभे राहिलो. आमच्या मागून उतरलेले लोक चालत गेले, पायऱ्यांना लागले, काही तर वर पोचले असावेत. आम्ही रांगेतच होतो. पण रांग धरली की सोडायची नाही, हे रेशनच्या दुकानानं शिकवलेलं आहे.

उभ्या उभ्या सरांनी बांधाखाली बोट दाखवलं. ओहोटी होती. काळ्या चिखलात बोटाएवढे मातकट जीव टुणटुण उड्या मारत होते. डोळे डोक्याच्या वर आलेले, पुढचे पर जमिनीला टेकवून सरकत होते, मधेच थांबून एकमेकांकडे पाठीवरचा पर ताठ करून बघत होते.

"निवटी," सर म्हणाले. "मासा आहे तो."

"मासा?" तात्या वाकले. "आन चालतोय?"

"ओहोटीला पाण्याबाहेर येऊन चिखलावर चालतो."

तात्यांनी निवटीकडे पाहिलं, आमच्या रांगेकडे पाहिलं आणि म्हणाले, "मासा चालतोय आन आपुन गाडीची वाट बघतोय." तेवढ्यात गाडी आली. तात्या सगळ्यात आधी बसले.

पायऱ्या सव्वाशेच्या आसपास आहेत. दोन्ही बाजूंना दुकानं, वर निळी ताडपत्री, त्यामुळे सगळ्यांचे चेहरे निळसर दिसतात आणि मी तर मुळातच दम लागून निळा झालो होतो. खुर्चीला दांडे लावून माणसाला वर नेणारे लोक खाली बसलेले असतात. त्यांना गिऱ्हाईक बरोबर ओळखू येतं. इतक्या गर्दीतून ते थेट माझ्याकडे आले. "बसा काका." बायकोनं माझ्या वतीनं नकार दिला आणि वर ऐकवलं, "तुम्हाला उचलायला ही दोन मानसं पुरनार न्हाईत."

एका दुकानात पांढऱ्या चमकत्या गारगोट्या मांडलेल्या होत्या. दुकानदारानं एक हातात दिली. "ज्वालामुखीचा दगड आहे, घरात ठेवला की शांती राहते. तीनशे रुपये." तात्यांनी ती उलटीपालटी करून पाहिली. लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकतात, पोकळ्या राहतात आणि पुढे त्या पोकळ्यांत हे स्फटिक साचतात, असं सर मागून सांगत होतेच. तात्यांना तो खडक ठाऊक होता. आमच्याकडे त्याला मांजऱ्या म्हणतात. "असल्या टोपल्याभर निघाल्या पाटलाच्या विहिरीत," ते म्हणाले. "बांधावर फेकल्या आम्ही. शांती हाये खरी तिथं. विहिरीला पानीच लागलं न्हाई, कुनी येतच न्हाई तिकडं." दुकानदारानं गारगोटी परत घेतली.

खरे वन्यजीव वरच्या पायरीवर बसले होते. पक्ष्यांना माणसं बुजवतात, अशी सरांची शिकवण. घारापुरीच्या माकडांनी ती वाचलेली नव्हती. आम्ही सावली बघून डबे सोडले आणि एक माकड शेजारी येऊन बसलं. झडप नाही, ओरडा नाही. घरच्या माणसासारखं बसलं. दाजींच्या हातातली थंड पेयाची बाटली त्यानं नुसती स्वतःच्या हातात घेतली, झाकण उजवीकडून डावीकडे फिरवून काढलं आणि तोंडाला लावली. मग डबा ओढला. डब्याची कडी आमच्या घरात माझ्याशिवाय कुणाला उघडता येत नाही, असा माझा अनेक वर्षांचा लौकिक होता. माकडानं ती अंगठ्यानं उघडली. दशमी काढली, हुंगली, दोन घास खाल्ले, चटणीला बोट लावून बघितलं आणि डबा आमच्याकडे परत सरकवला. शेवटी एक मोसंबी उचलून झाडावर गेलं.

"आरं, मानांकनाची हाये ती!" दाजी ओरडले. वरून साल पडली.

काकूंनी त्यातही शोधून काढलं. "चटनीचं बोट चाटलं बघा. त्याला कळतं तिखट." आणि सरांकडे बघून घेतलं.

लेण्यात शिरलो आणि आमचा आवाज आपोआप खाली आला. बाहेर ऊन, आत गारवा आणि समोर वीस फूट उंचीची ती तीन मुखांची मूर्ती. सरांनी सांगितलं, सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीचं काम आहे, १९८७ पासून जागतिक वारशात आहे, एकही दगड बाहेरून आणलेला नाही, डोंगराच्या पोटातलं नको ते काढलं आणि हे उरलं. आम्ही माना डोलावल्या. तात्या मात्र खांबाजवळ गेले, बोटाच्या पेरांनी दगड ठोकला, कान लावला, छताकडे बघितलं.

"सुरुंग न लावता?"

"तेव्हा सुरुंग कुठले, तात्या?"

तात्यांनी टोपी काढली. बराच वेळ ते त्या मूर्तीसमोर उभे राहिले. त्यांच्या मनात काय चाललंय ते विचारायचा कुणाला धीर होईना. शेवटी त्यांनीच हळूच विचारलं, "मजुरी कशी देत आसतील हो? परसावर का ब्रासवर?"

पुढे त्यांना पाण्याचं कोरीव टाकं सापडलं आणि मग तात्या तिथून हलेनात. चहूबाजूंनी खारट समुद्र आणि मधे दगडात गोडं पाणी साठवलेलं. एवढ्या देवांच्या लेण्यात तात्यांनी हात जोडले ते त्या टाक्याला. काकूंचा प्रश्न वेगळा होता. त्यांनी शहागडहून नारळ आणलेला होता. तिथल्या रखवालदारानं सांगितलं, "इथं फोडता येत नाही." काकूंनी विचारलं, "मंग कुठं फोडू?" "घरी." नारळ पिशवीत परत गेला. बाहेर आल्यावर ती पिशवी झाडावर गेली, त्यामुळे तो शेवटी कुणी फोडला ते आम्हाला माहीत आहे.

आता उरली पायवाट. लेण्यांच्या वरच्या डोंगरावर जुन्या तोफा आहेत आणि तिथवर चढत जायची वाट आहे. ज्यासाठी आलो ते हेच, असं म्हणून सर पुढे निघाले. मला पहिल्या वळणावर एक छान सपाट दगड दिसला आणि मी बसलो. सर मागे वळले. काहीतरी सांगणं भाग होतं. मी म्हणालो, "हा थर बघत होतो."

सरांच्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्या वर्षांच्या नोकरीत असा विद्यार्थी त्यांना मिळाला नव्हता. ते माझ्यासमोर उकिडवे बसले आणि त्या थराचा जन्म, बालपण आणि झीज त्यांनी मला सविस्तर सांगितली. दम गेला, उठलो. पुढच्या वळणावर पुन्हा बसलो. पुन्हा थर. दर वेळी माझी जिज्ञासा वाढते आहे असं सरांना वाटत गेलं. बायको लांबून बघत होती. तिला थर ओळखता येत नाहीत, मी ओळखू येतो.

मधेच सर ताठ झाले आणि बोट ओठांवर ठेवलं. झाडीतून एक लांब, गोड, खालून वर चढत गेलेली शीळ आली. चार जणांनी खिशातून मोबाईल काढून कानाला लावले. "हॅलो?" दाजी तर दोनदा म्हणाले. तोवर पक्षी उडून गेला. त्याचं नाव सरांनी आम्हाला सांगितलं नाही. सांगून उपयोग नव्हता. रोहित पक्षी दिसतील असं त्यांनी निघताना कबूल केलं होतं, ते शिवडीच्या बाजूला गेलेले असावेत. इथं खाली चिखलात दिसले ते बगळे. "हे तर आपल्याकडं नांगरामागं हिंडतात," दाजी म्हणाले. "आन ते रोहित म्हंजी जायकवाडीला येतात तेच का?" "तेच," सर म्हणाले, आणि पटकन पुढे चालू लागले.

वर पोचलो. तोफ होती. तोफेवर कुणाची तरी मुलं बसलेली होती, ती उतरायची वाट बघत आमचा नातू उभा राहिला. समोर न्हावा-शेव्याच्या बंदराच्या उंच यारी, पाण्यात जहाजं, खाली खारफुटीचा हिरवा पट्टा. दाजींनी कमरेवर हात ठेवून सगळं पाहिलं आणि जमिनीचा भाव विचारला. विचारायला कुणी नव्हतं, म्हणून सरांनाच विचारला.

नातू तोफेवरून उतरला आणि म्हणाला, "हत्ती कुठंय?"

त्याचंही बरोबर होतं. बेटाचं इंग्रजी नाव एलिफंटा. बोटीच्या तिकिटावर तेच, दुकानांत दगडी हत्ती, टोप्यांवर हत्ती. सरांनी घसा साफ केला. खरा दगडी हत्ती बेटावर होता, पोर्तुगीजांनी तो पाहूनच हे नाव दिलं. १८६४ साली इंग्रज त्याला विलायतेला न्यायला निघाले, उचलताना तो पडला आणि फुटला. पुढे जोडून भायखळ्याला राणीच्या बागेजवळ उभा केला.

"म्हंजी हत्तीच्या बेटावर हत्ती न्हाई?" दाजी म्हणाले.

"भायखळ्यात आहे."

नातवानं भोकाड पसरलं. ठराव झाला. उद्या सकाळी हत्ती बघायचा आणि मगच गावाकडे निघायचं. कल्याणच्या पाहुण्यांना आणखी एका मुक्कामाचा फोन गेला. पलीकडून बराच वेळ काही आवाज आला नाही. दाजी म्हणाले, "रेंज न्हाई त्यांच्याकडं." मोसंबीचं उरलेलं पोतं त्या रात्री आत गेलं.

सकाळी भायखळ्याला उतरलो. फाटक बंद होतं. पाटी वाचायचं काम सरांकडे आलं. त्यांनी ती मनात वाचली, चष्मा पुसला, पुन्हा वाचली आणि नातवाकडे न बघता आम्हाला सांगितलं, "बुधवारी बंद."

परतीच्या वाटेवर बोगद्यातसुद्धा सर काही बोलले नाहीत.

गावात आल्यावर प्रत्येकानं आपापली सहल सांगितली. तात्यांच्या सहलीत एक टाकं आहे, त्याला कधी उपसा लागत नाही. काकूंच्या सहलीत एक माकड आहे, त्याला चव कळते. दाजींनी भाच्याला फोटो पाठवला, काळ्या खडकावर स्वतः उभे, शेजारी माकड, खाली मजकूर, 'आम्हीपण ज्वालामुखीवर. गेटावर दोनशे डॉलर न भरता.' माझ्याविषयी बायको सांगते की हे बेटावर फार बसले. सर मात्र वेगळं सांगतात. त्यांच्या मते आमच्या अख्ख्या टोळीत खडक समजून घेणारा मी एकटाच होतो, आणि पुढच्या सहलीला ते मला कोयनेच्या बाजूला आणखी जाड थर दाखवायला नेणार आहेत.

तुम्ही घारापुरीला जाणार असाल तर सोमवारी जाऊ नका, महादेवाचा वार असला तरी. हत्तीही बघायचा असेल तर बुधवार टाळा. गुरुवारी दोघंही उघडे असतात. नारळ घरीच फोडा, डब्याच्या कडीवर विसंबू नका आणि दम लागला तर सरळ दम लागला म्हणून सांगा. भूगोलाच्या सरांपुढे थर बघत होतो असं मात्र चुकूनही म्हणू नका.